दोन मनगटं

अत्तरवाल्यानं माझ्या उजव्या मनगटावर एक अत्तर लावलं आणि डाव्यावर दुसरं. उजवीकडे दालचिनी आणि मध, डावीकडे लवंग आणि उकळता गूळ. दोन्ही गोड, दोन्ही चांगलीच उग्र. मी आळीपाळीनं हुंगत राहिले आणि दर वेळी आधीचंच बरं वाटलं.

“ताई, आत्ता ठरवू नका,” तो म्हणाला. “अंगावर मुरू द्या. संध्याकाळी आवडेल ते उद्या घ्या.”

आमच्या घरी आजवर मोगराच आला. उग्र वासानं सासूबाईंचं डोकं दुखायचं, ह्यांना शिंका यायच्या. मला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही. खरं तर मीही नाही. म्हणून आज ओली मेंदी जपावी तसे दोन्ही हात लांब धरून घरी निघाले.

कोपऱ्यावर ह्यांचे जुने साहेब भेटले. सवयीनं हात जोडले गेले. मनगटाला मनगट लागलं.

घरी येऊन हुंगलं, तर दोन्हीकडे एकच वास. तो दालचिनीचाही नाही, लवंगेचाही नाही. समोर कुणी आलं की माझं असंच होतं का? माझं म्हणून जे काही असतं, ते हात जोडता जोडता पुसलं जातं का? कोण जाणे. वास वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

“मग कुठलं घेणार?” मुलीनं विचारलं.

अजून कळलेलं नाही. उद्या पुन्हा दोन्ही लावून घेणार आहे. वाटेत कुणीही भेटो, नुसती मान हलवणार.