भोंग्यावरचा खोकला

आमच्या घरातला खोकला गावातल्या कापसाच्या जिनच्या भोंग्यावर चाले. सकाळी भोंगा झाला की बाबा खोकू लागत, संध्याकाळी झाला की पुन्हा. भोंगा दुपारीही व्हायचा, पण तेव्हा बाबा मळ्यात वांगी तोडत असत आणि मी अमरावतीच्या बाजारात पत्रकं वाटत असे. दुपारी खोकला का येत नाही, हा प्रश्न मी वाऱ्याच्या दिशेवर सोडून दिला होता.

त्या काळी मला प्रत्येक गोष्टीचा गुन्हेगार ठाऊक असे. (दोन सभांत भाषण आणि पाठीवर पोलिसाची एक काठी, एवढ्या शिदोरीवर.) खोकल्याचा गुन्हेगार तर समोरच उभा होता: सरकी काढता काढता गावभर कापसाची तुसं उडवणारं, परक्या मालकाचं जिन. मी बाबांची बिडी सोडवली. मायने अडुळशाचा काढा पाजला. खोकला जागचा हलेना. बाबा मळ्यातल्या झोपडीत निजले की मात्र छाती मोकळी.

"पाहा," मी म्हणालो, "तिथं जिनची हवा पोचत नाही."

"हो ना," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

मी जिनविरुद्ध जळजळीत पत्रक लिहून छापखान्यात दिलं आणि माझ्या नेहमीच्या स्वदेशीच्या कामाला पुन्हा लागलो. म्हणजे घरी सुतासाठी कापूस पिंजायचा. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की ओसरीवर पिंजण घेऊन बसायचं, असा माझा नेम होता.

अडचण होती ती गंगूच्या, माझ्या बहिणीच्या, लग्नाची. बाप सांज-सकाळ खोकतो म्हणजे घरात क्षय आहे, अशी कुजबुज होती. एक स्थळ तेवढ्यावरून परत गेलं. गंगू त्या दिवशी जेवली नाही. मला एवढंच म्हणाली, "दादा, तुह्या जिनले सांग ना, पाहुने येतीन त्या रोजी भोंगा नको वाजवू म्हनाव."

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील गणपतजी फुलांचे व्यापारी. सोबत मुलगा आणि त्याचा मामा. त्या दिवशी बाबा हळूच म्हणाले, "आज पिंजण राहू दे रे. पाहुने येऊन राहिले."

"पाहुणे आले म्हणून देश थांबत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं. त्यामुळे माघार शक्य नव्हती.)

संध्याकाळी पाहुणे ओसरीवर बसले. मायने पोहे आणले. भोंगा झाला. भावी सोयऱ्यांवर आपल्या विचारांची छाप पडावी म्हणून मी अगदी त्यांच्या पुढ्यात बसलो, पिंजण शिकताना सांगितल्याप्रमाणे नाकातोंडाला उपरणं बांधलं आणि पिंजायला सुरुवात केली.

बाबांनी दम धरला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला दाबला. खोकले ते मामा. त्यांच्यामागून गणपतजी. मुलगा लाजत लाजत, तोंडापुढे टोपी धरून. गंगू पदराआड. शेवटी बाबांचा बांध फुटला. पोह्यांवर खोबरं नव्हतं, तरी ते पांढरे दिसू लागले. मी पिंजतच होतो.

गणपतजींनी डोळे पुसले. "का रे पोट्ट्या, एवढे सारे खोकलून राहिले, तू काहून नाही खोकत?"

"मी नाकाले बांधलं हाय ना, जी," मी अभिमानाने सांगितलं. आणि मग माझा हात थांबला.

"आता बापाचंही नाक बांध," मामा म्हणाले, "नाहीतर तुहं पिंजण बांध."

गणपतजी हसता हसता पुन्हा खोकले. "आमी क्षय ऐकून आलतो बाप्पा. हे तर निस्तं पोट्टं हाय." लग्न ठरलं. पिंजण अंगणाच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडाखाली गेलं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"पयल्या रोजापासून."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू पिंजत होता तवरिक घरात होता. बाहेर काठी बसते. खोकला मले परवडे."

जिनच्या आत दिवसभर तुसं गिळणारे मजूरही खोकत असणारच. पण त्यांना विचारायला मी कधी गेलो नव्हतो, आणि घरातल्या माणसालाही विचारलं नव्हतं. विचारण्यापेक्षा लिहिणं सोपं पडे.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा आला. वर ठळक मथळा: 'आमच्या घरातील खोकल्यास जबाबदार कोण?' आणि तळाशी, रिवाजाप्रमाणे, लेखक व प्रकाशक म्हणून माझं पूर्ण नाव.

मी ती पत्रकं जशीच्या तशी वाटली. मथळ्यात आणि नावात दुरुस्तीला जागाच नव्हती.