पोटात तारा असलेलं बिनतारी इंजिन

आमच्याकडे तार आली की ती फोडायच्या आधीच बायका रडायला लागतात. त्या दिवशी जळगाव जामोदला, माझ्या सासरीही तेच झालं. मी मात्र आधी तार वाचली. लहानपणी भाऊनेच दटावलं होतं, "आंधी वाच, मंग रड." वाचली... भाऊच गेला होता. मग रडले. तेव्हापासून माणसं भेटायला येतात आणि हळहळतात, एवढा हुशार माणूस, पण खेळण्यापायी वाया गेला. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं, म्हणून हे लिहिते आहे. माझा भाऊ वाया गेलेला नाही.

पिंपळगाव राजाची आमची शेती तो नीट सांभाळायचा, हे कुणी बोलत नाही. बोलतात ते इंजिनाबद्दलच. मुंबईहून त्याने चावीचं, पत्र्याचं इंजिन मागवलं होतं. चावी दिली की धावायचं, चावी उतरली की थांबायचं. भाऊला हे पटेना. गाडी कशी, आपण लांबून म्हटलं की निघाली पाहिजे आणि म्हटलं की थांबली पाहिजे. त्याने आतली चावीची कमान काढून टाकली, विजेची लहानशी मोटर आणि बॅटरीचे सेल बसवले. वर काचेची एक नळी, तिच्यात धातूचा कीस. त्या किसापायी आईच्या जुन्या चांदीच्या जोडव्यांवर कानस फिरली. लांब बसून खटका दाबला की तिथे ठिणग्या उडत, त्यांच्या लहरींनी इकडे कीस एकमेकांना चिकटे, त्यातून वीज वाहे आणि इंजिन पळू लागे. खटका सोडला की इवलीशी हातोडी नळीला टिचकी मारून कीस मोकळा करी, इंजिन उभं. यात त्याचे कितीतरी उन्हाळे गेले, आणि त्यातला एकही फुकट गेला असं मला वाटत नाही.

बाजाराच्या दिवशी त्याने पारावर रूळ मांडले आणि सांगितलं, हे बिनतारी इंजिन आहे. चाललंही झकास. तेवढ्यात आमचे काका पुढे झाले. गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी इंजिन उचललं, वरचा पत्रा काढला आणि आतल्या तारांचं भेंडोळं लोकांना दाखवलं. "बिनतारी म्हन्ते, न् पोटात तारा भरून राह्यला!" सगळा बाजार हसला. कधी कुणाशी खोटं न बोललेला भाऊ त्या दिवशी लबाड ठरला. काकांनी घरी बजावलं, हे खूळ आता माळ्यावर टाक. भाऊने उलट उत्तर केलं नाही आणि इंजिन माळ्यावर टाकलंही नाही.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा पारावर. या वेळी इंजिनावर पत्राच नव्हता, सगळ्या तारा उघड्या, आणि पुढे पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'तारवाली गाडी'. खटका त्याने समोरच्या ओट्यावर काकांच्या हातात दिला.

"काका, आतमधी तारा हायेत. माह्या इंजनापासून तुमच्या हातालोक एखांदी दिसते काय, तेवढं पाह्यजा."

काकांनी दाबलं, इंजिन निघालं. सोडलं, थांबलं. काका दाबतच राहिले, थेट सेल संपेपर्यंत. मग म्हणाले, "पाह्य, बंद पडलं. म्या म्हन्लंच होतं." भाऊ पोट धरून हसला आणि नवे सेल मागवायला गेला. काकांनी आपला शब्द शेवटपर्यंत मागे घेतला नाही, आणि भाऊनेही तो पत्रा पुन्हा कधी चढवला नाही.

तेरवीला काकांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, इंजिन काचेच्या कपाटात ठेवू, फक्त वरचा पत्रा बसवून घेऊ, तारा वाईट दिसतात. आयुष्यभर ज्यासाठी भाऊ अडून बसला, तेच तेराव्या दिवशी झाकायचं? इंजिन मी पदराखाली घालून जळगाव जामोदला आणलं. आता ते माझ्या स्वैपाकघरात, मांडणीसमोरच्या रुळांवर असतं. सेल नवे घातले आहेत. सांत्वनाला येणाऱ्यांना मी आधी खटका दाबायला लावते, मग चहा देते. कुणी विचारतं, एवढ्या तारा उघड्या काऊन ठेवल्या?

मी म्हणते, "दिसू द्या. लपवून काय राह्यला होता तो?"