मावशींचा बिनगाठीचा बटवा

ही हकिगत मी अकरा वर्षं टाळली. मिरजगावात कुणी कशिद्याचा विषय काढला की मी चष्मा पुसायला घेतो. तो ज्या बटव्यातून काढतो, तोच या प्रकरणातला पुरावा आहे. आता वयाचं एक्क्याऐंशीवं सरलं. आणखी किती पुसणार?

आमच्या आळीतल्या टाकेवाल्या मावशींना कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची खोड होती. भांड्याच्या दुकानात ताट पालथं, कापडाच्या दुकानात साडी उलटी. सोयरिकीला आलेला मुलगा पाणी पिऊन उठला की त्याच्याही पाठीवर एक नजर. "पाठ बघा आधी. तोंड काय, सगळेच धुऊन येत्यात," असं म्हणायच्या. मूळच्या धारवाडकडच्या. बोलणं पुरतं आमच्याकडचं झालं होतं, कशिदा मात्र माहेरचाच राहिला. कापडाचे धागे मोजत त्या हत्ती, पोपट, गोपुरं भरायच्या. बटव्याला अस्तर कधी लावलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "अस्तर लावायला मी काय दडवलंय?"

मी हायस्कुलात छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. गावातली एकही रांगोळी माझा अभिप्राय ऐकल्याशिवाय पुसली गेली नसेल. त्यामुळे बचत गटांच्या हस्तकला प्रदर्शनाला परीक्षक हवा म्हटल्यावर मलाच बोलावणं आलं, आणि मी भिंग घेऊन गेलो. भिंगाची गरज नव्हती. परीक्षकाच्या हातात काहीतरी असावं, एवढंच. पहिला नंबर येईल त्या बाईला गावातला शिवणवर्ग मिळणार होता. मावशी विधवा, मुलगी केडगावला दिलेली. तो वर्ग त्यांना किती हवा होता हे साऱ्या आळीला ठाऊक होतं.

त्यांचा लाल बटवा मी उलटा केला. पेन्सिलची रेघ कुठे नाही. एक गाठ नाही. आतली बाजू बाहेरच्यासारखीच. चित्रकलेच्या मास्तरला रेघेशिवाय नक्षी सुचतच नाही. चार बायका ऐकतील अशा आवाजात मी निकाल दिला, "हातकामाची पाठ इतकी साफ नसते. हे मशीनचं आहे."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, सुई-दोरा द्या. हितं बसून एक हत्ती काढते."

चहा आला होता, पाहुण्यांची गाडी थांबली होती. नियमात बसत नाही, असं मी सांगितलं. असा कुठलाही नियम नव्हता.

शिवणवर्ग दुसऱ्या बाईला मिळाला. मावशी दुकानातला माल स्वतःचा म्हणून खपवतात, अशी कुजबुज आळीत सुरू झाली. आठवड्याभरात त्या आमच्या ओट्यावर आल्या आणि बटवा माझ्या हातात ठेवला. "तुमीच ठेवा. उसवून बघा. मशीनचा टाका घावला तर मला सांगा."

त्या वळल्या न वळल्या तोच मी बायकोची सुई घेऊन एक कोपरा उसवला. एकच दोरा; मशीनला वरचा नि खालचा असे दोन लागतात. जाताना टाक्याचं एक घर सोडून एक भरत गेलेला, परतताना सोडलेली घरं भरत आलेला. गाठ मारायला जागाच नव्हती. बायको बघत होती. ती म्हणाली, "जा की आत्ताच. दोन घरं पलीकडं तर राहत्यात."

मी गेलो नाही. बाजारात त्या समोर आल्या की मला नेमकी कोथिंबीर निवडायची असे. बटव्यात मात्र चष्मा ठेवू लागलो. वस्तू छान होती. मावशींनी सुई बाजूला ठेवली आणि पुढे मुलीकडे राहायला गेल्या.

बायको गेल्यावर, गेल्या दिवाळीनंतर, वाक्य पाठ करून मी केडगावला गेलो. मावशींची नजर अधू झाली होती. माझ्या हातातला बटवा त्यांनी मागून घेतला, उलटा केला, बोटं फिरवली. उसवलेल्या कोपऱ्यावर बोटं थांबली.

"म्हंजे बघितलं व्हतं तुमी," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार. त्यांनी लेकीकडून सुई ओवून घेतली आणि चाचपडत कोपरा शिवला. बटवा परत देताना विचारलं, "काय काम काढलंवतं, मास्तर?"

मी म्हणालो, "काही नाही. चष्मा छान बसतो यात."

"बसंल की," त्या म्हणाल्या आणि लेकीला चहा टाकायला सांगितला. मी दोन कप प्यालो.

घरी येऊन कोपरा उलटा केला. आत एक गाठ होती, बारीक आणि घट्ट. मावशींनी मारलेली मी पाहिलेली ही एकमेव गाठ. दिसत नव्हतं म्हणून मारली की मला कळावं म्हणून, हे विचारायला पुन्हा जायचं ठरवत होतो. पौषात त्या गेल्या.

आता चष्मा काढताना ती गाठ रोज बोटाला लागते. एसटीत पाठ केलेलं वाक्य काही मोठं नव्हतं. मावशी, बटवा हातचाच होता, हे तुम्ही तो ओट्यावर देऊन गेलात त्याच दिवशी मला कळलं होतं; मला माफ करा.