पाठमोरा उभा राहणारा शेजारी

सेनगावात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा माणूस कम्प्युटरच्या गाभ्याचं काम करतो. मी एकदा सरळच विचारलं, "दिवसभर काय करून राहिला रे?"

"काका, एकाच मशीनच्या मेमरीत सगळ्या प्रोग्रामांचा ऐवज असतो. एकाची जागा दुसऱ्याला दिसूच द्यायची न्हाई. अन् कोणी जागा सोडून गेलं, की ती पुसून मगच दुसऱ्याला द्यायची."

स्वभावही तसाच. दार सताड उघडं असलं तरी कडी वाजवतो. आत आला की भिंतीकडं बघून बोलतो. आमच्या गल्लीत तर लोक ताटात काय वाढलं तेही वाकून पाहतात.

माझी बायको वारली अन् मागून तिचा फोनही बंद पडला. तिचा आवाज तेवढ्या फोनातच होता. शेजाऱ्याच्या हातात फोन देताना मी दरडावलं, "तुला पुसायची खोड हाय. ह्यातलं काही पुसलंस तर तंगडी मोडीन."

तो हसला न्हाई. "मालक असेपर्यंत पुसत न्हाई, काका. तुमी हायेत ना."

संध्याकाळी फोन चालू करून आणला. तिचा आवाज ऐकायला कुठं दाबायचं ते दाखवलं, अन् स्वतः अंगणात जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी दाबलं.

"काहून उशीर करून राहिले? भाकर थंड झाली की."

पुन्हा पुन्हा ऐकलं. डोळे पुसले अन् त्याला हाक मारली.

"ये आत. तूबी ऐक. मालक सांगून राहिला."