चिंगीचं पहिलं कार्ड

कॉलेजच्या फाटकाशी टेबल टाकून बसलेल्या माणसाने चिंगीला एक पाठपिशवी फुकट दिली आणि क्रेडिट कार्डाचा अर्ज भरून घेतला. पोरगी नाचतच घरी आली. तिचे वडील, घड्याळजी, मात्र पिशवी पाहून जागचे उठले.

"सही केलीस?"

"केली. बाबा, वर्गातल्या सगळ्यांनी केली."

घड्याळजी सव्वीस वर्षं जिन्याखालच्या दुकानात मनगटी घड्याळं दुरुस्त करत होते. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना त्यांचा हात कधी हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून स्क्रू निसटू लागले. तिसरा फरशीच्या फटीत गेला तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि घर गाठलं.

डोळ्याला भिंग लावून ते कार्डाच्या पत्रकामागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्यापासून वार्षिक शुल्क. रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज. किमान रकमेच्या ओळीवर ते तीनदा अडले.

"बाबा, तुम्ही उगाच बाऊ करता," चिंगी म्हणाली. "महिन्याला किमान रक्कम भरायची, झालं!"

"अगदी असंच तुझा काका म्हणायचा."

काकाचा विषय या घरात निघत नसे. चिंगी खाली बसली.

"चार कार्डं होती त्याच्याकडे," घड्याळजी भिंग न काढताच बोलले. "एकाचं भरायला दुसरं. शेवटी शेवटी वसुलीवाल्यांचा फोन वाजला की मोरीत जाऊन बसायचा."

चिंगीने पत्रक आपल्याकडे ओढलं. "मला वाटायचं, काका माझ्याशी लपंडाव खेळतोय."

संध्याकाळच्या आत दोघं बँकेत पोचली. काउंटरवरच्या बाईंना चिंगीनेच विचारलं, "मॅडम, दहा हजारांच्या बिलातले पाचशेच भरले तर?"

"उरलेल्यावर व्याज. आणि पुढे जे घ्याल त्याच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. बिनव्याजी दिवस फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला."

चिंगीचा चेहरा उतरला.

"मग कार्डच नको घेतलं तर?" घड्याळजींनी आशेने विचारलं.

"अहो, नीट वापरलं तर वेळेवर फेडल्याची नोंद राहते, पुढे शिक्षणाचं कर्ज घेताना तिलाच उपयोग होईल," बाई म्हणाल्या. "मुदत ठेवीवरचं कार्ड घ्या. ठेवीपेक्षा जास्त उधळताच येत नाही, वार्षिक शुल्कही नाही."

चिंगीने शिकवण्या घेऊन साठवलेले पंधरा हजार ठेवीत टाकले. बारा हजारांची मर्यादा मिळाली.

दुसऱ्या दिवशी चिंगी आधीचा अर्ज रद्द करायला गेली, पण फाटकावरचा माणूस सहजासहजी सोडेना. "ताई, मंजुरी आल्यातच जमा आहे!"

"नको म्हणजे नको. अर्ज रद्द झाल्याचं लेखी पाठवा," चिंगी म्हणाली आणि पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून आली. पत्र येईपर्यंत आठ दिवस घड्याळजींना जेवण गोड लागलं नाही.

नव्या कार्डावर तिने पहिल्यांदा घेतला तो एकोणीसशेचा कॅल्क्युलेटर. तेव्हापासून घड्याळजी रोज सकाळी विचारू लागले, "बिल आलं का गं?"

"बाबा, महिन्यातून एकदाच येतं ते!"

बिल आलं त्याच दुपारी तिने ते पूर्ण भरलं आणि फोन घेऊन दुकानात धावत आली. बाकी शून्य. घड्याळजींनी भिंग लावून तो आकडा पाहिला, फोन परत केला आणि म्हणाले, "बरं. पुढचं कधी येतंय?"