मूकपटाचा भोंगा
जनरेटरच्या धुराचा वास आला की धरणगावच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. तिथे मी मूकपटातली वाक्यं भोंग्यातून अहिराणीत वाचून दाखवायचो. एका संध्याकाळी पुढे सतरंजीवर माझा मोठा भाऊ बसला होता. तो कामाला होता त्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली ती त्याच्या पाळीत, म्हणून त्याला कुणीच कामावर घेत नव्हतं. त्याला डबा द्यायला गेलो असताना कापसाशेजारी पेटती बिडी मी टाकली होती, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रपटात धाकटा भाऊ थोरल्याच्या पाया पडून आपला गुन्हा कबूल करतो. ते वाक्य पडद्यावर आलं आणि माझा आवाज फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "काय भो, जीभ गिळी टाकी का?" तंबू हसला. मी कसंबसं वाचलं. थोरल्याने क्षमा केली, बायकांनी डोळे पुसले. बाहेर चहा पिताना भाऊ म्हणाला, "माफ तं मी बी करी टाकसू रे, पन कोनी मांगाले तं येवाले जोयजे." मी माझ्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला. तो डाग घेऊनच भाऊ गेला. परवा पुतण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला कशाला सांगता, आबा? त्यांना सांगायचं होतं."