शार्कचे आकडे आणि भंडारदऱ्याचं पाणी

शेवगावहून भंडारदऱ्याला एस.टी.नं जायचं म्हणजे अख्खा जिल्हा आडवा कापायचा. हौसेनं कोण जातंय? आम्ही गेलो ते शार्क माशांमुळे.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर पाऊस झाला, त्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. धाकटी बहीण शालन बी.एस्सी. झाली आणि तिला रत्नागिरीला माशांच्या संशोधनाची नोकरी लागली. बोटीतून समुद्रात जायचं काम. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण शार्क माणसं खातो एवढं तिच्या कानावर आलं होतं. मी पडलो शिकलेला शहाणा. जगभरातल्या शार्कच्या हल्ल्यांचे वर्षाचे आकडे एका मासिकात आले होते, ते मी तिला वाचून दाखवले.

"बघ आई, एवढ्या मोठ्या जगात इतकेच दगावले."

"मग त्या इतक्यांना आया नव्हत्या व्हय?"

मी मासिक मिटलं. शेवटी शालननं तोडगा काढला. "भंडारदऱ्याला चल, धरणाच्या मोठ्या पाण्यात मी पोहते ते बघ. त्यावर तू न्हाई म्हणलीस तर नोकरी सोडली."

नगरला गाडी बदलली, संगमनेरला पुन्हा बदलली. अकोले येईपर्यंत हाडं खिळखिळी झाली. पण जाणार असाल तर राजूरनंतर खिडकी सोडू नका. पिवळी पडलेली भातखाचरं, वर काळे कडे. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देवानं हितं हात लई सैल सोडलाय." धरणाजवळ शेंडी गावात तेव्हा ओळखीनंच राहावं लागे. हौसाबाई नावाच्या शेतकरणीकडे उतरलो. तिच्याकडची तांदळाची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी खाल्ली आणि सगळा शीण गेला.

सकाळी काठावर आईनं खण-नारळानं पाण्याची ओटी भरली. "लेक तुझ्या वटीत घातली, माये," असं पुटपुटली.

शालन माझी जुनी चड्डी-शर्ट घालून पाण्यात शिरली. चार हात मारले आणि वळली. पुन्हा चार हात, पुन्हा वळली. ती पोहायला शिकली होती आमच्या मळ्यातल्या विहिरीत. तिथं चार हातांवर दगड येतो, वळावंच लागतं. इथं समोर पसरलेलं मोकळं पाणी, आणि ही बाई आपली गोल गोल फिरतेय!

"ह्यो कसला भवरा म्हनायचा?" हौसाबाई म्हणाली. मला हसू आवरेना.

आई हसली नाही. तोंडाला पदर लावून तशीच पाण्यात उतरली, घोट्याभर. आता ही तिला बोलावून घेणार आणि संपली नोकरी, असं माझ्या मनात आलं.

"शाले!" आई ओरडली. "वळू नको! म्होरं जा! सरळ जा!"

शालन थांबली, आमच्याकडे बघितलं आणि निघाली ती सरळ. तिचं डोकं लहान लहान होत गेलं. आईचा हात मात्र पुढंच दाखवत होता. त्या क्षणी मला आईचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आजवर कशाचाच वाटलेला नाही.

शालन दमून, धापा टाकत परत आली. परतीच्या वाटेवर नोकरीबद्दल आईचं ना हो, ना नाही.

भंडारदऱ्याला नंतर मी खूपदा गेलो. धबधबे बघितले, काजवे बघितले. पण मनात राहिलंय ते घरी पोचल्यावरचं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. शेवटी मीच विचारलं, "मग काय, जाऊ द्यायचं का शालीला?"

तिनं मान वर केली नाही.

"काठावरनं मी वरडले, ते काय माघारी ये म्हनून?"